यमुनाबाई गाडीत बसतात

मोटारीत बसायला आमच्या घरात सगळ्यात आधी मांजर शिकलं. मोटार चालवायला मी त्यानंतर शिकलो, असं माझी बायको शोभा सांगते. आईच्या मते मी अजून शिकायचा आहे.

या मांजरीचं नाव यमुना. यमुना हे खरं तर माझ्या आत्याचं नाव. आत्या लग्नाबारशाला आली की कोणाकडेही न बघता, पाय उचलून उचलून टाकत थेट स्वयंपाकघरात जायची आणि दुधाचं भांडं कुठे ठेवलंय ते आधी पाहायची. हे पांढरंशुभ्र पिल्लू पहिल्यांदा आमच्या दारातून आत शिरलं ते हुबेहूब तसंच, म्हणून आईनं जागच्या जागी बारसं उरकलं. (आत्याला हे अजून कोणी सांगितलेलं नाही. वाचणाऱ्यांनीही कृपा करून सांगू नये.)

मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. घरची थोडी कापसाची शेती होती. कापसाचे भाव बसले होते, ती ही वर्षं. आज ना उद्या भाव चढेल म्हणून ज्यानं त्यानं कापूस घरातच भरून ठेवलेला. आमची बैठकीची खोली खिडकीच्या वरपर्यंत भरली होती. पाहुणा आला की त्याला ओसरीवरच बसवायचो, आणि पाहुण्यालाही त्यात काही वाटायचं नाही, कारण त्याच्या बैठकीतही कापूसच असायचा. त्या साठवलेल्या कापसाचा कोणाला काही उपयोग झालाच असेल, तर तो यमुनेला. ती उडी मारून त्यात शिरायची, एक गिरकी घ्यायची आणि दिसेनाशी व्हायची. पांढऱ्या कापसात पांढरं मांजर. गुलाबी नाक तेवढं बाहेर राहायचं.

त्यातल्याच एका वर्षी आईचा डोळा गेला, म्हणजे जायच्या वाटेला लागला. तिचा एक डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच अधू झाला होता. सगळी भिस्त उरलेल्या एका डोळ्यावर, आणि त्यातच मोतीबिंदू. ती चहात मीठ टाकू लागली. शेजारच्या नारायणला मी समजून तिनं दोनदा चांगलंच झापलं. (त्यानं ते मुकाट्यानं ऐकूनही घेतलं, कारण तिची प्रत्येक तक्रार त्यालाही लागू पडत होती.) यवतमाळच्या दवाखान्यात दाखवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुरता पिकलाय. लवकर करून घ्या. उशीर केलात, तर नंतर माझ्या हातात काही नाही."

हे डॉक्टर बाहेरगावहून महिन्यातून एकदाच यायचे. तारीख ठरली. ऑपरेशननंतर महिनाभर यवतमाळलाच माझ्या बहिणीकडे, कुसुमताईकडे राहायचं, धुरात-धुळीत जायचं नाही, असं सगळं ठरलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् यमुना?"

"ती राहील इथंच. शोभा आहे, मी आहे."

"ते माह्या हातच्याशिवाय खात नाही. नेरच्या लग्नाले गेलती मी दोन दिवस, तं पोट पाठीले लागलं होतं तिचं. महिनाभरात मरून जाईन ते. ते येईन तं मी येतो. नाही तं राहू द्या तुमचा दवाखाना."

"आई, डोळा जाईल तुझा!"

"मी कोठं नाही म्हनून राह्यली? दोघीही येतो ना आमी. एस.टी.नं जाऊ. मांडीवर घेतो तिले."

इथेच मी हो म्हणायला हवं होतं. पण त्याच सुमारास मी एका वकिलाची जुनी मोटार विकत घेतली होती. बदामी रंगाची, चार दरवाजांची, त्यातले तीन उघडणारे. ती दारात उभी असताना आईला मांजर घेऊन एस.टी.च्या फलाटावर उभं करायचं, हे मला कसंतरीच वाटलं.

"लोक काय म्हणतील?" मी म्हणालो.

"लोकाइनं तुले गाडी चालवताना पाह्यलं आहे. ते काहीच नाही म्हनत," आई म्हणाली.

पहिली तारीख आली. यमुनेला बांबूच्या टोपलीत घातलं, वर दुसरी टोपली पालथी घातली आणि दुपट्ट्यानं बांधलं. "आधी तिले बसवा, मंग मी बसतो," असं म्हणून आई ओट्यावरच थांबली. शोभा माझ्या शेजारी बसली. मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, गुरगुरलं, आणि मागच्या सीटवर दुपट्ट्याची गाठ सुटली. पुढचं मला फारसं दिसलं नाही, कारण यमुना माझ्या डोक्यावर होती आणि तिचे पुढचे दोन्ही पंजे माझ्या भुवयांवर होते. घाईत मी गियर टाकला तो मागे जाण्याचा. मोटार सरळ मागे गेली आणि अंगणात रचलेल्या, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात निम्मी शिरून थांबली. वर्षभराचं जळण आमच्या अंगावर आलं. यमुना खिडकीतून बाहेर पडली आणि लिंबाच्या झाडावर जी चढली, ती दिवस मावळेपर्यंत उतरली नाही. ती उतरली तोवर डॉक्टर परत गेले होते.

आई चुलीजवळ बसून एकदाच म्हणाली, "एस.टी. बरोबर टाइमावर गेली. हॉर्न आयकू आला मले."

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पुढच्या तारखेला एक महिना होता, आणि त्या महिन्याभरात आईच्या डोळ्यात किती उजेड शिल्लक राहील ते कोणालाच सांगता येत नव्हतं. ही तारीख चुकवायची नाही, असं मी स्वतःशी पक्कं केलं. (तेव्हाही मला एस.टी. सुचली नाही. माणसाकडे मोटार आली की बऱ्याच गोष्टी सुचायच्या बंद होतात.)

समोरच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंनी मला गाडी शिकवली होती, त्यामुळे ते स्वतःला थोडे जबाबदार धरत असत. माझ्या कपाळावरचे ओरखडे पाहून ते म्हणाले, "मास्तर, जनावरले गाडीची आदत लावा लागते. एकदम नाही होत. माह्या सासऱ्याची बकरी ट्रॅक्टरवर आरामात बसून बाजारात जायची."

"कुठल्या बाजारात?"

सलीमभाईंनी थोडा विचार केला. "बकऱ्यायच्या."

त्या बकरीबद्दल मी पुढे काही विचारलं नाही, पण सवयीचा मुद्दा मला पटला. मी शिकवणारा माणूस. ज्यानं पोरांना व्यवहारी अपूर्णांक शिकवलेत, त्याला मांजराला मोटार शिकवणं काय अवघड? मी अभ्यासक्रम आखला. आधी उभ्या गाडीत बसणं, मग चालू इंजिनात बसणं, मग चालत्या गाडीत.

रोज शाळा सुटली की मी यमुनेला घेऊन उभ्या मोटारीत बसायचो. ती सीटखाली जायची. मी वाटीत दूध घेऊन सीटखाली वाकायचो. माझं डोकं आत, पाय दाराबाहेर. येणारे-जाणारे थांबायचे.

"मास्तर, गाडी बिघडली काय?"

"नाही, मांजर आहे."

"काहून, मांजर चालवते काय गाडी?"

एकदा खुद्द मुख्याध्यापक सायकलवरून जाता जाता थांबले. मी तेव्हा सीटखाली तोंड घालून म्यांव म्यांव करत होतो. (तिला आपलेपणा वाटावा म्हणून.) ते बराच वेळ उभे होते म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता माझ्या रजेचा अर्ज मंजूर केला. मी अर्ज केलाच नव्हता.

मग सलीमभाईंचं म्हणणं पडलं की मांजरीला पेट्रोलचा वास सोसत नाही. त्यांनी घरून अत्तराची कुपी आणली आणि सीटवर शिंपडली. यमुनेला सटासट शिंका आल्या. मला त्याहून जास्त आल्या. पुढचा आठवडाभर मी वर्गात शिरलो की पोरं म्हणायची, गुरुजी, कोणाच्या वरातीत जाऊन राह्यले?

यमुना बधेना. शेवटी मी आईलाच गळ घातली. "आई, तू गाडीत येऊन बस जरा. तुला पाहून ती बसेल."

"मले चक्कर येते गाडीत."

"उभ्या गाडीत?"

"तू आत असला की येते."

हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

अडलेलं गाडं शोभेनं पुढे काढलं. बैठकीतल्या कापसात झोपलेल्या यमुनेकडे बघत ती म्हणाली, "हिले त्या कापसात भेव वाटते काय? नाही ना. मंग कापूसच भरा ना गाडीत."

अहो, इतकी सोपी गोष्ट! आम्ही टोपल्या भरभरून कापूस आणला आणि मागच्या सीटवर, सीटखाली, पाय ठेवायच्या जागेत, खिडकीच्या काचेपर्यंत ठासून भरला. यमुना दारात आली, वास घेतला, आत गेली, एक गिरकी घेतली आणि दिसेनाशी झाली. मी इंजिन चालू केलं. कापसातून एक कान वर आला आणि पुन्हा खाली गेला. मी गाडी मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन परत आणली. यमुना झोपलेली. माझ्या शिकवण्यात कोणी इतकं शांत बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आमच्या शाळेतली पोरं धरून. माझी छाती फुगली. मी हे शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, बाजारात सांगितलं, सलूनमध्ये सांगितलं. नेरहून माझ्या साडूंनी निरोप धाडला की आमच्या कुत्र्याचं काही जमेल का. मी जमेल म्हणून कळवलं.

दुसरी तारीख उजाडली. आईला आम्ही मागच्या सीटवर कापसात नीट रोवून बसवलं. मान तेवढी वर. मांडीच्या आसपास कुठेतरी यमुना.

"बरं वाटतं का?" मी विचारलं.

"मले दिसत नाही तेच बरं आहे," आई म्हणाली, आणि आम्ही निघालो.

निम्मी वाट अगदी झकास गेली. मग रस्त्याच्या कडेला बंड्यांची रांग लागली. खरेदी केंद्रावर कापूस घालायला आलेली माणसं. बैलबंड्या, ट्रॅक्टर, पुन्हा बंड्या, संपायचं नाव नाही. कोणी बंडीखाली झोपलेलं, कोणी तीन दगडांवर भाकरी भाजत होतं. कित्येक दिवस माणसं तिथेच होती, वजनाला काटा केव्हा लागेल त्याची वाट पाहत. मी रांगेच्या बाजूनं हळूहळू पुढे निघालो. आणि आमच्या गाडीच्या काचांतून काय दिसत होतं? कापूस!

"ओ साहेब, लाईन मोडून कोठं चालले?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी साहेब नाही, मास्तर आहे," मी खिडकीतून म्हणालो. त्यानं काही फायदा झाला नाही.

"अरे, कारमधी कापूस आनला याइनं! आमी इथं पडून राह्यलो अन् हे कारनं आत जाऊन राह्यले!"

ऐन केंद्राच्या फाटकासमोर एक बैल आडवा आला. मी ब्रेक दाबला तशी मागे आई डोक्यासकट कापसाखाली गेली; मी गाडी वळवली, आणि ती बरोबर फाटकाच्या तोंडात बंद पडली. आता आत जाणारा ट्रॅक्टर बाहेर आणि बाहेर येणारा आत. माणसं चहूकडून धावली. त्यांत देवराव नावाचे एक धिप्पाड शेतकरी होते, गळ्यात लाल दुपट्टा, आवाज माझ्या हॉर्नपेक्षा मोठा.

"हा कापूस विकायचा नाही," मी हात जोडून म्हणालो.

"मंग कायले आनला?"

खरं बोलण्यावाचून इलाज नव्हता. "मांजरासाठी."

देवरावांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आमच्या कापसाले इथं कोनी विचारून नाही राह्यलं, अन् तुमच्या मांजरीले गादी पाह्यजे?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. मला खरोखर लाज वाटली. मग ते मागे वळून म्हणाले, "ढकला रे हे आत. रस्ता तं मोकळा करा."

वीसेक हातांनी आमची मोटार फाटकातून आत ढकलली. आत पांढरे डोंगरच्या डोंगर. मागच्या सीटवरून आईचा आवाज आला, "आलं काय यवतमाळ?"

पण हा आवाज देवरावांपर्यंत पोचला नसावा. कापूस आहे तरी किती ते पाहायला त्यांनी मागचं दार उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हाताला एक पाय लागला.

"अरे बाप्पा!" एवढा मोठा माणूस चार पावलं मागे उडाला. "कापसात बाई आहे!"

त्याच क्षणी आईनं कापसातून डोकं वर काढलं. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, लुगड्यावर कापूस. पुढची दोन माणसं मागच्या चौघांवर पडली. आणि या गोंधळात एक पांढरी रेघ दारातून बाहेर पडली आणि समोरच्या कापसाच्या गंजीत शिरली.

आईला दिसलं नाही, पण मांडी हलकी झालेली कळली. "यमुना!" ती ओरडत गाडीतून उतरली. "अरे, माही यमुना गेली! कापसात गेली!"

गाडीतल्या कापसातून एक बाई निघालेली सगळ्यांनी आत्ताच पाहिली होती. गंजीत दुसरी गडप झाली असेल, यावर विश्वास ठेवायला कोणाला वेळ लागला नाही. देवरावांनी दुपट्टा कमरेला बांधला. "चला रे, उपसा!"

माणसं गंजीवर तुटून पडली. हातांनी, टोपल्यांनी कापूस उडू लागला. काट्यावरची माणसं काटा सोडून आली. मी "अहो, ऐका, अहो" करत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होतो आणि माझं कोणी ऐकत नव्हतं. देवराव उपसता उपसता आईला विचारत होते.

"केवढी आहे माय, यमुना?"

"लहानच आहे रे बाप्पा. तीन-चार वर्साची."

"अरे देवा, लेकरू आहे! जोर लावा रे! माय, दिसाले कशी आहे?"

"गोरीपान."

"अंगात काय घातलं आहे?"

"अंगात काय असनार? काहीच नाही."

"एवढ्या थंडीत?" देवरावांनी जळजळीत नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"तिले लागत नाही थंडी," आई डोळे पुसत म्हणाली. "शेपटीची कायजी घ्या पन. मागं एकडाव दारात सापडली होती."

उपसणारे हात एकेक करून थांबले. बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले असावेत. देवराव गुडघाभर कापसात उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"मांजर," मी म्हणालो. "मी मघाशी सांगितलं होतं."

आता मार बसणार, म्हणून मी चष्मा काढून खिशात ठेवला. पण देवरावांच्या पोटातून काहीतरी गडगडत वर आलं आणि ते हसायला लागले. असे हसले की कापसातच बसले. मग फाटकापासून रांगेच्या शेवटपर्यंत ती गोष्ट बंडीमागून बंडी सांगत गेली आणि हसणंही तिच्यामागून गेलं. किती दिवसांनी हसत होती ती माणसं कोणास ठाऊक.

मला मात्र हसू येत नव्हतं. ऊन चढत होतं आणि डॉक्टर दुपारीच परत जाणार होते. "आई, चल," मी म्हणालो. "तिला नंतर शोधू. आज चुकलं तर डोळा जाईल."

"जाऊ दे."

"असं काय करतेस लेकरासारखं?"

"तुले काय मालूम?" आई म्हणाली. "मले दिसत नाही तवापासून सकायी मोरीपर्यंत तेच नेते मले. पायाले घासत घासत चालते. उंबरा आला की थांबते. तुमी सगये झोपून राहता. तिले इथं टाकून डोया आनू काय मी?"

हे मला ठाऊक नव्हतं. इतके महिने त्याच घरात राहून मला ठाऊक नव्हतं. मी स्वतःच गंजीत हात घालायला लागलो. शोभाही पदर खोचून आली. आणि काय सांगू, हसून दमलेली ती माणसंही पुन्हा कामाला लागली. "आता घेतलंच आहे तं काढूनच देऊ," देवराव म्हणाले. त्यांनी आईचा हात धरून तिला उन्हातून गाडीत नेऊन बसवलं आणि प्यायला पाणी दिलं.

तेवढ्यात एका बंडीखालून यमुना निघाली. ती गंजीत होतीच कुठे? एका बाजूनं शिरून केव्हाच दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली होती, आणि इतकी माणसं कापूस काहून उडवून राह्यली ते सावलीत बसून बघत होती. कोणाकडेही न पाहता, पाय उचलून उचलून टाकत (अगदी आत्या!) ती सगळ्या गर्दीतून चालत गाडीपाशी आली, आत चढली आणि आईच्या मांडीवर जाऊन बसली.

"पाहिलंस?" मी शोभेला म्हणालो. "एवढ्या कापसातून ती आपल्या गाडीतच आली. याला म्हणतात सवय."

शोभा आईच्या मांडीकडे बघत होती.

निघताना देवरावांनी स्वतःच्या बंडीतला कवळाभर कापूस आणला आणि आमच्या सीटवर सांडून रिकामी झालेली जागा भरली. मी नको नको म्हणालो. "राहू द्या मास्तर," ते म्हणाले. "आमचा कापूस कोनाच्या तरी कामी येऊ द्या." मग आईच्या केसांतला कापूस वेचत म्हणाले, "माय, डोया चांगला करून ये." त्यांनीच माणसं लावून गाडी ढकलून चालू करून दिली.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर निघायच्या बेतात होते. आईचा तो पांढरा अवतार पाहून नर्सबाई म्हणाल्या, "आजी, ऑपरेशनला कापूस आम्हीच देतो. घरून आणायचा नसतो."

ऑपरेशन छान झालं. महिनाभर आई आणि यमुना कुसुमताईकडे राहिल्या. पट्टी निघाली, चष्मा आला, आणि आईनं पहिल्यांदा यमुनेकडे पाहून, मग माझ्याकडे पाहून, "वाळला तू," असं म्हटलं. मला फार बरं वाटलं.

परत न्यायला मी आणि शोभा मोटार घेऊनच गेलो. मागचा कापूस तसाच ठेवला होता, यमुनेची सवय मोडू नये म्हणून. पण आई म्हणाली, मी पुढं बसतो, मले पाहू दे जरा दुनिया. यमुनेला मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली, शोभा मागे कापसात. मी गाडी काढली. एक ट्रक आला, मी त्याला जागा दिली. एक म्हैस आली, तिनं मला जागा दिली. गटाराच्या कडेनं एक चाक जरासं हवेत गेलं, पण ते परत आलं. आई समोर बघत होती, मग माझ्या हातांकडे बघत होती, मग पुन्हा समोर.

"थांबव," ती म्हणाली.

मी थांबवली.

"मांगच्या वेळेसही असंच आनलं तुनं मले?"

"हो. का?"

"मले दिसत नव्हतं म्हनून बसली बाप्पा," आई म्हणाली, आणि दार उघडून उतरली. (उघडणाऱ्या तीन दारांत ते होतं, हे माझं दुर्दैव.) यमुना तिच्या कडेवर. समोरच एस.टी. स्टँड होतं.

"आई, यमुना बसणार नाही एस.टी.त! तिला सवय नाही. कापूस नाही, काही नाही."

"तिले कापूस कायले पाह्यजे? मांडी पाह्यजे. मी तुले पैल्या दिवशीच म्हटलं होतं."

राळेगावची गाडी लागलेलीच होती. आई खिडकीजवळ बसली. यमुनेनं तिच्या मांडीवर एक गिरकी घेतली आणि डोळे मिटले. इंजिन सुरू झालं, आख्खी गाडी खिळखिळ वाजायला लागली, कंडक्टरनं घंटी मारली, तरी तिचा कानसुद्धा हलला नाही. मी शोभेकडे वळलो, तर ती पिशवी घेऊन एस.टी.ची पायरी चढत होती.

"तू कुठे चाललीस?"

"आईले एकटं कसं पाठवाव?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी एकटाच त्या एस.टी.च्या मागं निघालो. मागच्या सीटवर काचेपर्यंत कापूस आणि त्यात कोणी नाही. वाटेतल्या कळंबच्या अलीकडे गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि बंद पडली. ढकलायला देवराव नव्हते. तासाभरानं पुढची एस.टी. आली, तिला मी हात केला. जागा खिडकीची मिळाली. बसल्याबरोबर मला जी झोप लागली, ती थेट घर येईपर्यंत. मला एस.टी.ची सवय लावायला कोणालाच काही करावं लागलं नाही, मांडीसुद्धा लागली नाही.